‘मशीन भरलंय, आता देणारच’: पबमधल्या फ्रूट मशीनच्या 78 टक्क्यांचा हिशोब

पत्र: मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एम.एस्सी. करते आणि संध्याकाळी एका पबच्या काउंटरवर काम करते. कोपऱ्यात दोन फ्रूट मशीन, म्हणजे पैसे घालून खेळायची जुगाराची मशीन आहेत. त्यावर स्टिकर आहे की सरासरी 78 टक्के पैसे परत मिळतात. एक नेहमीचं गिऱ्हाईक एका बैठकीत 80 पौंड घालतं आणि म्हणतं, “आता भरलंय, देणारच. मी एटीएमवर जाऊन येतो, तोवर कुणाला खेळू देऊ नकोस.” मी काय करावं? गेल्या शनिवारी एकाला 60 पौंडांचं बक्षीस लागलं, मशीननं 23 दिले आणि बंद पडलं. मॅनेजर नव्हता, माणूस माझ्यावर ओरडत राहिला. लोक म्हणतात, मालक आतून टक्का कमी-जास्त करतो. खरं आहे का? आणि शेवटचं, जे खरं तर मला आधी विचारायचं होतं: माझी रूममेट आता रोज माझ्या शिफ्टला येऊन बसते. दोन आठवड्यांत तिचे 140 पौंड गेलेत. ‘78 टक्के तर परत येतात’ असं ती मलाच समजावते.

उत्तर:

सगळा घोळ त्या 78 च्या आकड्यात आहे, म्हणून आधी तो सोडवू. तुमच्या रूममेटला वाटतं की 20 पौंड घातले की 15 पौंड 60 पेन्स परत येतात, म्हणजे करमणुकीचा खर्च 4 पौंड 40 पेन्स. तसं झालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण हा टक्का खिशातून काढलेल्या पैशांवर नसतो. तो लावलेल्या प्रत्येक डावावर असतो, आणि जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यांच्यावरही तो पुन्हा बसतो.

कागदावर मांडून दाखवा तिला. 20 पौंड एकदा फिरवले की सरासरीनं 15.60 उरतात. ते लावले की 12.17. मग 9.49. चौथ्या फेरीनंतर 7.40. एव्हाना तिनं एकूण 57 पौंडांवर डाव लावलेत, जरी खिशातून गेले 20 च. सगळे संपेपर्यंत खेळली तर सरासरी 91 पौंडांचे डाव होतात, आणि त्या 91 च्या 22 टक्के म्हणजे बरोबर तिचे 20 पौंड. मशीननं स्टिकरवरचा शब्द पाळला आणि तिचा खिसाही रिकामा झाला. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. थोडे जिंकले की नाणी काढून न घेता तशीच फिरवत राहायची सवय आहे ना, तिच्यातून हे घडतं.

वेळेचा हिशोबही करून बघा. मिनिटाला आठ डाव, डावाला 1 पौंड धरला तर तासाला 480 पौंडांचे डाव होतात आणि सरासरी तोटा 105 पौंडांच्या वर जातो. तोच वेग ठेवून 25 पेन्सचा डाव लावला तर 26 पौंडांच्या आसपास. काउंटरमागे उभं राहून एका तासात मिळणाऱ्या पगाराशी हे आकडे ताडून पाहायला तिला सांगा.

आणि ही सरासरीसुद्धा एका संध्याकाळची नसते. ती दहा हजार किंवा एक लाख डाव अशा मोठ्या संख्येवर मोजलेली असते. वरच्याच वेगानं दहा हजार डाव खेळायला जवळपास 21 तास सलग बसावं लागेल. त्यामुळे एका तासात कुणी 60 पौंड जिंकून उठतं, कुणी 80 घालवतं, आणि दोन्हींत मशीन बिघडलेलं नसतं.

बऱ्याच पबांत ठामपणे सांगितलं जातं की कायद्यानं किमान इतके टक्के परत द्यावेच लागतात. पबमधल्या मशीनसाठी असा किमान टक्का कायद्यात नाही. बंधन आहे ते सांगण्याचं: सरासरी परतावा किंवा जिंकण्याची शक्यता मशीनवर किंवा पडद्यावर खेळणाऱ्याला वाचता येईल अशी दिलेली असली पाहिजे. पडद्यावर अनेक खेळ देणाऱ्या नव्या मशीनमध्ये प्रत्येक खेळाचा टक्का वेगळा असतो, आणि काही खेळांत डाव किती पेन्सचा यावरही तो बदलतो. तो मदत किंवा नियमांच्या पानात सापडतो. तुमच्या दोन मशीनची ती पानं एकदा उघडून वाचा. गिऱ्हाइकानं विचारलं तर बोट ठेवून दाखवता येईल.

आता ‘भरलंय’ या शब्दाकडे येऊ. गिऱ्हाइकाचं म्हणणं निव्वळ अंधश्रद्धा म्हणून उडवून लावता येत नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे.

ब्रिटनमधली पबची मशीन दोन जातींची असतात. एकात प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. आधीच्या डावात काय झालं, सकाळपासून किती पैसे पडले, याच्याशी पुढच्या डावाचा काही संबंध नसतो. तिथे ‘भरणं’ नावाची गोष्टच नाही. दुसरी जात, जिला तिथले लोक कॉम्पेन्सेटेड म्हणतात, ती खरोखर हिशोब ठेवते. आत किती आले, बाहेर किती गेले, हे तिच्या स्मृतीत असतं. ठरलेल्या टक्क्यापेक्षा जास्त दिलं गेलं असेल तर ती हात आखडता घेते, मागे पडली असेल तर सैल सोडते. अशा मशीनवर सूचना असते की आधीच्या खेळाचा परिणाम निकालावर होऊ शकतो.

मग गिऱ्हाईक बरोबर नाही का? नाही, कारण त्याला मशीनचा अर्धाच हिशोब दिसतो. त्यानं 80 पौंड घातले हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या आधीच्या माणसाला जॅकपॉट लागून मशीन टक्क्याच्या बरंच पुढे गेलं होतं का, हे त्याला ठाऊक नाही. तसं असेल तर त्याचे 80 पौंड मशीनचा आधीचा खड्डा भरण्यातच गेले. समजा मशीन खरंच मागे आहे, तरी ते देणं एकरकमी फेडेल असं कुठेही लिहिलेलं नाही. 2, 4, 6 पौंडांचे बारीक विजय शंभर-दोनशे डावांत पसरून टक्का गाठणं त्याला अगदी सोयीचं असतं. आणि सैल सुटायची वेळ त्याच्या हातून 30 पौंड आणखी गेल्यावर येईल की 300, हे बाहेरून कुणालाही कळत नाही. काउंटरवरच्या तुम्हालाही नाही. म्हणून “आज मशीन कसं आहे?” असं कुणी विचारलं तर अंदाजही सांगू नका. तुमच्या अंदाजावर तो नोट सरकवेल.

याच जातीच्या मशीनमधली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. जिंकल्यावर ‘वर की खाली’ असा पर्याय येतो. समोर 1 ते 12 मधला आकडा असतो, समजा 2. पुढचा आकडा मोठा येईल की लहान? कुणीही ‘वर’ दाबणार. पुढचा येतो 1, आणि जिंकलेलं सगळं जातं. पत्त्यांच्या जोडात असं क्वचित घडेल. इथे ते वारंवार घडू शकतं, कारण बटण दाबण्याआधीच मशीननं ठरवलेलं असतं की ही फेरी हरवायची. जुन्या मशीनचा प्रोग्रॅम लोकांनी घरच्या संगणकावर चालवून पाहिला. तोच क्षण जपून ठेवून एकदा ‘वर’ आणि एकदा ‘खाली’ दाबलं, तर दोन्ही वेळा हार झाली. म्हणूनच अशा मशीनवर सूचना असते की हे मशीन कधी कधी असा पर्याय देईल ज्यात खेळणाऱ्याला यशाची काहीच शक्यता नसते. ही ओळ बारीक अक्षरात, काचेच्या खालच्या कडेला असते आणि तिथवर सहसा कुणाची नजर पोचत नाही. तुमच्या रूममेटला ती ओळ स्वतः वाचायला लावा. माझ्या मते त्या अख्ख्या मशीनवरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे.

गिऱ्हाइकासाठी मशीन अडवून ठेवायचं का? ठेवू नका. मशीनं असलेल्या पबांसाठी जी आचारसंहिता आहे, तीत स्पष्ट म्हटलंय की एटीएम अशा जागी असावं की तिथे जायला खेळणाऱ्याला मशीन सोडावं लागेल. त्यामागचा हेतू असा की माणसानं उठावं, चार पावलं चालावं, आणखी पैसे काढायचे का याचा विचार करावा. तुम्ही ‘जागा धरून ठेवते’ म्हणालात की तो विचार करायची वेळच संपते, वर परत येण्याचं बंधनही पडतं. “आम्ही मशीन राखून ठेवत नाही” हे एक वाक्य पुरे. मॅनेजरला सांगून तशी छोटी पाटी लावून घेतली तर भांडण तुमच्या अंगावर येणार नाही.

शनिवारचा प्रकार सविस्तर बघू. 60 देणं, 23 दिले, 37 बाकी. आत नाण्यांचा एक डबा असतो, त्याला हॉपर म्हणतात. तळाशी भोकांची तबकडी फिरते, एकेक नाणं बाहेर ढकलते आणि दाराशी असलेला सेन्सर ते मोजतो. काही सेकंद एकही नाणं गेलं नाही की मशीन मोटर थांबवतं आणि पडद्यावर संदेश देतं. याची कारणं बहुतेक दोनच: नाणी संपली, किंवा वाकलेलं अथवा परदेशी नाणं आडवं अडकलं. दोन्हींत उरलेला आकडा स्मृतीत असतो. म्हणून पहिली गोष्ट, मशीनचं बटण बंद करू नका, प्लग काढू नका, आणि गिऱ्हाइकाला ते हलवू किंवा ठोकू देऊ नका. दुसरी, पडद्याचा फोटो काढा. त्यात देणं आणि दिलेलं दोन्ही आकडे आणि जमलं तर मशीनचा क्रमांक यावा. वेळ लिहून ठेवा. गिऱ्हाइकासमोर नाणी मोजा, तोही आकडा लिहा. तिसरी, मशीन बंद असल्याची चिठ्ठी लावा, म्हणजे दुसरं कुणी त्यावर खेळून हिशोब गुंतवणार नाही.

नाणी संपल्याचा संदेश असेल आणि भरायची किल्ली वापरायचा अधिकार तुम्हाला दिलेला असेल, तर भरा. मशीन उरलेले 37 स्वतःच देईल. अडकलं असेल तर मशीन उघडून आत हात घालू नका. मशीनची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायला परवाना लागतो, आणि तो पुरवठादाराच्या माणसाकडे असतो. त्याचा फोन नंबर मशीनवरच्या स्टिकरवर मिळेल. तोवर पैसे गल्ल्यातून द्यायचे की नाही हे मॅनेजरनं फोनवर ठरवावं. दिलेच तर पावतीवर गिऱ्हाइकाची सही घ्या आणि इंजिनिअरला आवर्जून सांगा की 37 पौंड हातानं दिलेत. नेमकी इथेच गफलत होते: नाणी भरली गेली की मशीनला हातानं दिलेले पैसे ठाऊक नसतात, ते तेच 37 पुन्हा ओकतं आणि पुढचा माणूस ते उचलून निघून जातो. मग वसुलीच्या दिवशी हिशोब जुळत नाही आणि संशय काउंटरवर येतो.

नोट घेत नसेल तर तो बिघाड असेलच असं नाही. राजे चार्ल्स यांचं चित्र असलेल्या नोटा 5 जून 2024 पासून चलनात आल्या. नोट ओळखणाऱ्या भागाचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलेलं नसेल तर मशीन त्या परत टाकतं. चिकट किंवा दुमडलेली नोटही परत येते.

शनिवारच्या त्या गिऱ्हाइकाचा हक्क मात्र पक्का आहे. 2007 च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये जुगारातलं देणं कायद्यानं वसूल करता येतं, त्याआधी तसं नव्हतं. म्हणजे खऱ्या, नीट झालेल्या डावातले 37 पौंड देणं ही पबची मेहेरबानी नाही. पण डाव सुरू असतानाच मशीन बिघडलं तर तो डाव रद्द, अशी सूचनाही बहुतेक मशीनवर असते. म्हणून तर फोटो महत्त्वाचा: विजय आधी नोंदला गेला आणि बिघाड पैसे देताना झाला, हे त्यातून दिसतं. त्याची तक्रार आधी पबकडे, मग पुरवठादाराकडे जाते. तिथे दाद लागली नाही तर परवाने देणाऱ्या स्थानिक कौन्सिलला कळवता येतं. जुगारावर देखरेख करणारी सरकारी संस्था, गॅम्बलिंग कमिशन, एकेका माणसाचे पैसे सोडवून देत नाही, हेही त्याला सांगून टाका, म्हणजे त्याचा वेळ वाया जाणार नाही.

मालक टक्का फिरवतो का? बहुतेक पबवाल्यांची ही मशीनं स्वतःची नसतातच, परवानाधारक पुरवठादाराकडून भाड्यानं किंवा वाटणीवर घेतलेली असतात. पूर्वीच्या मशीनमध्ये टक्का ठरवणारा छोटा प्लग आत बसवलेला असे आणि पुरवठादाराचा माणूस तो बदलू शके. आजही टक्का ठरवणं त्याच बाजूला असतं, आणि टक्का बदलला तर स्टिकरही बदलावंच लागतं. बारच्या मागून कळ दाबून शुक्रवारी रात्री मशीन ‘घट्ट’ करणं हा प्रकार नाही. मालकाला त्याची गरजही नाही. 1,000 पौंडांचे डाव झाले की सरासरी 220 मशीनमध्ये राहतात. त्यावर 20 टक्के मशीन गेम्स ड्यूटी, म्हणजे 44 पौंड, सरकारला जाते. उरलेल्या 176 मधून पुरवठादाराचं भाडं किंवा वाटा वजा होतो.

बाकीचे नियम थोडक्यात. पबमधलं मशीन सी वर्गातलं: डावाला जास्तीत जास्त 1 पौंड, बक्षीस जास्तीत जास्त 100 पौंड. 100 ची ही मर्यादा 2014 पासून आहे, त्याआधी 70 होती. कुणी “पलीकडे 500 चा जॅकपॉट आहे” म्हणालं तर ते बेटिंग शॉपमधल्या बी 3 वर्गाबद्दल बोलतंय. बारवर दारू देणाऱ्या पबला कौन्सिलला कळवून आणि 50 पौंड शुल्क भरून दोन मशीनं ठेवता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर वेगळा परवाना लागतो. 18 वर्षांखालच्या कुणालाही सी वर्गाच्या मशीनवर खेळू देणं हा गुन्हा आहे, आणि लक्ष ठेवायची जबाबदारी शिफ्टवरच्या माणसांवर येते. म्हणून मशीन काउंटरवरून दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर मॅनेजरला लेखी सांगा. दारूसाठी ओळखपत्र मागता तसंच इथेही मागा, फक्त कोला घेऊन मशीनपाशी गेलेल्या मुलाकडेही. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे.

आता तुमची रूममेट. दोन आठवड्यांत 140 पौंड गेले यापेक्षा ती रोज येते आणि आकड्यांनी स्वतःचं समर्थन करते, हे मला जास्त काळजीचं वाटतं. घरापासून लांब, एकटी, हातात मोजके पैसे, आणि ओळखीचं माणूस जिथे असतं ती एकच उबदार जागा म्हणजे तुमचा पब. ती तुमच्यासाठी येत असेल आणि मशीन वाटेत सापडलं असेल, अशीही शक्यता आहे. तेव्हा पहिल्यांदा विषय काढाल तो काउंटरवर नको, घरी, वरचं 20 पौंडांचं गणित कागदावर मांडून. “तू जुगारी झालीस” हे वाक्य टाळा. “गेलेले 140 परत मिळवायचा विचार येतो का?” एवढं विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर थांबायची वेळ आली आहे, कारण इथून पुढचा प्रत्येक डाव त्या 140 च्या मागे धावण्यासाठी लावला जाईल.

उपाय निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. बँकेच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखायची सोय असते, आणि गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की ऑनलाइन जुगाराची खाती बंद होतात. पबच्या मशीनला या दोन्हींचा उपयोग नाही, कारण ते सहसा रोख पैशांवर चालतं आणि बँकेला फक्त एटीएममधून 20 पौंड काढलेले दिसतात. म्हणून लगाम रोखीलाच घालावा लागेल. ॲपमध्ये एटीएमची रोजची मर्यादा ठरवता येत असेल तर ती शक्य तितकी खाली आणायची, पबमध्ये येताना रोख आणायची नाही, पेय कार्डानं घ्यायचं. तिची तयारी असेल तर ती स्वतः मॅनेजरला सांगू शकते की मला या मशीनवर खेळू देऊ नका. ते सांगणं तिच्या तोंडून यावं. तुम्ही परस्पर सांगितलंत तर मैत्री आणि नोकरी दोन्हीवर ताण येईल. तिला पैसे उसने देऊ नका. भाडं अडलं असेल तर ते थेट घरमालकाच्या खात्यात भरा.

नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे: 0808 8020 133. तिथे खेळणाऱ्याच्या घरच्यांना आणि मित्रमैत्रिणींनाही बोलता येतं, त्यामुळे ती तयार व्हायची वाट न बघता आधी तुम्हीच फोन करू शकता. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, जुगाराच्या व्यसनासाठी खास क्लिनिकं आहेत. तुमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य केंद्रातही जा, फी किंवा भाडं थकण्याआधी. थकल्यानंतर गेलात तर हातात पर्याय कमी उरतात.